लांबची लेन्स
कापलेल्या भाताच्या खुंटांचा सुका वास आला, की मला आमच्या गावची, लाटंबार्शातल्या शेतात झालेली फुटबॉलची ती मॅच आठवते. मला कॅमेऱ्यासाठी दुसरी लेन्स घ्यायची होती; प्रवासासाठी रुंद की खेळासाठी लांबची, हे ठरेना, म्हणून मित्राच्या दोन्ही मागून आणल्या होत्या. रुंद लेन्समध्ये काजूच्या डोंगरासकट सगळं शेत मावलं, पण खेळणारा माझा धाकटा भाऊ मुंगीएवढा झाला. मग लांबची लावली, आणि तेवढ्यात त्याने गोल मारला! आईचा आनंद टिपायला मी कॅमेरा समोरच्या बांधावर फिरवला. सगळे उड्या मारत होते आणि आई एकटी भलतीकडेच, रिकाम्या शेताकडे बघत होती. शेजारणीने कोपराने ढोसलं तेव्हा कुठे तिने टाळ्या वाजवल्या, त्याही त्या रिकाम्या शेताकडेच बघत. रोज तिच्या हातचं माशांचं हुमण-भात जेवणाऱ्या मला घरात हे कधी दिसलंच नव्हतं. पुढे तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मी लांबची लेन्सही घेतली, पण त्या दिवशी मी धावत बांधावर पोचलो, तेव्हा ती पायाखालच्या बांधाकडे बोट दाखवत हसून म्हणाली होती, "किती बरो गोल मारल्यान रे! माका हयसून सगळो दिसलो."