सरकारी वळूचा कासरा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, घरातही नाही. रिसोडकडच्या एका गावात पोळ्याच्या दिवशी माणूस मेला. त्या गुन्ह्यात मी निरपराध माणसाला तुरुंगात पाठवलं, आणि तो निरपराध आहे हे ठाऊक असून पाठवलं.

त्या वेळी, पन्नासच्या दशकात, मी तिथला ठाणेदार होतो. आमचे एस.डी.ओ. साहेब, म्हणजे प्रांताधिकारी, तरुण, हुशार आणि असह्य उत्साही. जातील तिथं काहीतरी सुधारायचे. केनवडच्या बाजारात त्यांनी रांगा लावल्या. बायकांनी त्या दुपारपर्यंत मोडल्या, आणि खुलासा मात्र माझा मागवला.

पोळ्याला त्यांनी नवं फर्मान काढलं. तोरणाखालून पहिला मान पाटलांच्या बैलजोडीला नाही, सरकारने गावाला दिलेल्या जातिवंत वळूला. आणि कासरा साहेब स्वतः धरणार!

पोळा हा जुवाखाली राबणाऱ्या बैलांचा. ज्याला कधी जू लागलं नाही असा वळू गावभरच्या बैलांत आणि वाजंत्रीत काय करील, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. मी शेतकऱ्याचाच पोरगा. तरी ‘होय साहेब’ म्हणून सॅल्यूट ठोकला.

पाटलांनी मला बाजूला घेतलं. “ठानेदार, सांडाले पोळ्यात कोन नेते हो? उद्या वरातीत घोड्याच्या जागी वाघ आना म्हनतीन.”

“मग तुम्ही सांगा त्यांना.”

“मी कायले सांगू? मले पाटीलकी ठेवा लागते.”

व्हायचं तेच झालं. वळू उधळला आणि डफडं वाजवणारा म्हातारा त्याच्या शिंगावर गेला. कासऱ्याला दोघांचे हात होते, साहेबांचे आणि पाटलांकडे सालाने राबणाऱ्या, वळूचीही देखभाल करणाऱ्या सालदाराचे. शेवटी तो कोणाच्या हातून सुटला, हे धुळीत कोणाला दिसलं नाही. साहेबांनी जागेवरच सांगितलं, “या माणसाच्या हलगर्जीपणामुळे झालं. अटक करा.”

ठाण्यात सालदार एकच बोलत राहिला. “मी नाही सोडला जी. सायबानं मले हात काढाले लावला. म्हने, मी एकटाच धरतो.”

“खोटं बोलतोस.”

“कायले बोलू? हे पाहा ना माहे हात.”

मी पाहिले. जुने घट्टे होते, ताजा ओरखडाही नव्हता. उधळलेल्या जनावराचा कासरा हातातून सरकला, तर तळव्याची साल निघते.

दुसऱ्या दिवशी गावचा न्हावी डाकबंगल्यावर साहेबांची दाढी करून थेट माझ्याकडे आला. “साहेबाचा उजवा तळवा सोलून निंघाला हाय. मले म्हने, कोनाले सांगू नको. म्हनून तुमालेच सांगून राह्यलो.”

कागदांवर सही घ्यायच्या निमित्ताने मी डाकबंगल्यावर गेलो. साहेबांच्या हाताला रुमाल गुंडाळलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं. “तपास पूर्ण झाला ना?”

“होय साहेब.”

तपास तिथेच पूर्ण झाला होता. दोषारोपपत्र मी सालदारावर ठेवलं. न्हाव्याचा जबाब घेतलाच नाही. सालदाराला कैद झाली.

साहेबांनी पुढे नोकरी सोडली, निवडणूक जिंकली आणि काही काळाने गृहखातं त्यांच्याकडे आलं. म्हणजे माझेच मंत्री! दौऱ्यावर आले तेव्हा मी मानवंदनेला उभा होतो. आम्हा पोलिसांपुढे त्यांनी भाषण केलं, की निरपराध माणसाला पोलिसांची भीती वाटता कामा नये. वैताग असा आला की टोपी काढून आपटावी. आपटली नाही. जाताना ते म्हणाले, “तुमच्यासारखी विश्वासाची माणसं हवीत.” मला बढती मिळाली, आणि मी ती घेतली.

साहेबांवर चिडणं सोपं आहे. ते मी वर्षानुवर्षं केलं. पण पोळ्याच्या आधी आणि नंतरही त्यांना ‘नाही’ म्हणणं माझं काम होतं. या प्रकरणाने मला तेवढंच शिकवलं, आणि फार उशिरा.

सालदार सुटून आला, तेव्हा त्याला कोणी सालावर ठेवेना. ज्याच्या हातून जनावर सुटतं, त्याच्या हाती बैल कोण देतो? तो अजून आहे. हंगामात बायकोबरोबर कापूस वेचायला परमुलखात जातो. त्याच्या गावात, चारचौघांत उभं राहून ‘कासरा याने सोडला नव्हता’ हे सांगणं मी त्याला देणं लागतो. ते अजून सांगितलेलं नाही.