तू हो पुढं

नव्या घोंगडीचा वास आला की मला जुन्नरचा बाजार आठवतो. थोरली बहीण म्हणाली होती, "चल, मेंढ्यांचा बाजार बघू, मग शिवनेरी चढू." मी हरखले. बाजारात एकानं मेंढी घेण्याआधी ती लंगडते का, म्हणून तिला चार पावलं चालवून बघितलं. गडाच्या पायऱ्यांपाशी बहीण म्हणाली, "तू हो पुढं, मी आलेच." देवीच्या देवळाजवळ मी मागं वळले, तर तिच्याबरोबर एक अनोळखी बाई. "चाल लई चांगली हाय पोरीची," बाई बहिणीला म्हणाली, "आमाला पसंत हाय." बहिणीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्याच बाईची सून होऊन मी संसार केला. आजही कुणी "तू हो पुढं" म्हटलं, की मी जागची हलत नाही.