नसलेल्या मास्तरांचे फोटो

आमच्या विहीणबाईंना मी संध्याकाळी सातच्या सुमाराला कळवलं, की मला त्यांची फार आठवण येते आहे. सोबत एक लाल बदाम आणि खाली ‘तुम्हीही या’ म्हणून एक लिंक. हाच मजकूर आमच्या मुख्याध्यापकांना, गॅसवाल्याला आणि कमलनगरच्या एका जीपवाल्यालाही गेला. मी फक्त एका ठिकाणी ‘परवानगी द्या’वर बोट टेकवलं होतं.

पहिला फोन विहीणबाईंचाच. “काय पाव्हणं, आमची आठवण यायलीय म्हणं? आमच्या ह्यांना सांगू का?” त्यांच्यामागं सगळं घर हसत होतं.

झालं होतं ते असं. वीसेक वर्षांमागं एक साइट होती. मित्र जोडायचे, एकमेकांच्या पानावर दोन ओळी लिहायच्या, फोटो लावायचे. माझं खातं बायकोच्या धाकट्या भावानं हुमनाबादच्या नेट कॅफेत बसून उघडून दिलं. “दाजी, जगात या जरा,” म्हणाला. त्याचे स्वतःचे तर तिथं ढीगभर फोटो. पुढं तो तापाचं निमित्त होऊन गेला, आणि काही वर्षांनी साइटही बंद पडली. घरात त्याचा एकच फोटो उरला, अर्जावर चिकटवतात तसला, मान ताठ करून काढलेला. जन्मात तो कधी तसा बसला नव्हता.

आणि आता मेसेज: साइट पुन्हा सुरू झाली आहे, तुमच्या आठवणी सुखरूप आहेत, जुना पासवर्ड टाका आणि या. तोच रंग, तेच चिन्ह. मी धावलोच. त्यांनी आधी फोनमधले नंबर मागितले, मी दिले. पासवर्डाची पाळी आली तोवर फोन वाजायला लागले, म्हणून तेवढा वाचला.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांना विचारलं. “बंद पडलेल्या साइटचं नाव कुणीबी घेऊ शकतंय, सर. पाटी जुनी, मालक नवा. खरी बी असंल, खोटी बी असंल.”

खरी असेल तर मेहुणा पुन्हा हसताना दिसणार होता. खोटी असेल तर माझा जुना पासवर्ड त्यांच्या हातात, आणि मी सगळीकडं तोच एक वापरतो. विसरायला नको म्हणून. ही माझी हुशारी.

घरी येऊन मी नुसताच स्क्रीनकडं बघत बसलो. बायको तुरीच्या शेंगा सोलत होती. “कामून एवढा इचार करायलाव? आमच्या अप्पावानी चौकशी करा की.”

सासऱ्यांची चौकशी आमच्या भागात ठाऊक होती. सोयरिकीच्या आधी ते मुलाच्या गावी जायचे आणि कधी मराठीत, कधी कन्नडात सहज विचारायचे, “तुमच्याकडचे ते लंगडे मास्तर बरे हाईत का?” असले मास्तर कुठंच नव्हते. “तर! रोजचं उठणं-बसणं हाय,” असं उत्तर आलं, की सासरे चहा पिऊन परत. मलाही विचारलं होतं. मी घाबरून “माहीत न्हाई” म्हणालो आणि पास झालो. खरं तर त्या दिवशी मला काहीही विचारलं असतं तरी तेच म्हणालो असतो.

“लिवा,” बायको म्हणाली. तिनं लंगड्या मास्तरांच्या नावानं एक ईमेल पत्ता रचला, पासवर्ड म्हणून मी वाटेल ती अक्षरं दाबली. चक्र फिरलं. मी मनात म्हणत होतो, नाही म्हण बाबा, ओळखत नाही म्हण.

‘पुन्हा स्वागत! तुमचे १८६ जुने फोटो सापडले. पाहण्यासाठी तुमच्या ईमेलचा पासवर्ड भरा.’

कधी जन्मालाच न आलेल्या माणसाचे एकशे शहाऐंशी फोटो. मला हसू येईना. बायकोनं हातातली शेंग तशीच सुपात टाकली. मी फोन बंद केला, मग पुन्हा चालू करून एकेक पासवर्ड बदलत बसलो, आणि ज्यांना ज्यांना बदाम गेला होता त्यांना ‘त्यात शिरू नका’ म्हणून कळवलं. यादी लांब होती.

बायकोनं सूप पुन्हा पुढं ओढलं. मग शेंगांकडंच बघत म्हणाली, “तुमचं ते आमंत्रण मलाबी आलतं. तुमी ईनबाईची माफी मागायलता, तवा मी आत बसून माझ्या भावाच्या ईमेलचा पत्ता आठवायलते. निम्माच आठवला. सगळा आठवला असता, तर अप्पाची चौकशी मला सुचलीच नसती.”