मानेचा मळ

आई माझी मान घासायची. आठवीत असेन तेव्हापासून. दर रविवारी सकाळी विहारात वंदनेला जायच्या आधी ती मला मोरीत पाटावर बसवायची, केस वर बांधायची आणि बेसन-लिंबाचा लेप मानेवर थापायची. मानेच्या मागे एक काळपट पट्टा उठला होता. हात फिरवला की मखमलीसारखा जाडसर लागायचा. बेसनानं जाईना म्हणून मग मीठ आलं, बटाट्याची फोड आली आणि शेवटी टाचा घासायची वज्री आली. वंदनेला पांढरा ड्रेस लागायचा आणि पांढऱ्यावर तो पट्टा दुरूनही दिसायचा.

आम्ही देहूरोडला राहायचो, अजूनही राहतो. वडील कारखान्यात कामगार होते. आई आसपासच्या सगळ्या बायकांपेक्षा जास्त स्वच्छता करायची. घासलेलं भांडं पुन्हा घासायची. मी एकदा विचारलं, एवढं कशाला? ती म्हणाली, "लोकांना एक डाग दिसला तरी पुरतो, बाई. आपल्याला घाणेरडं म्हणाया ते टपलेलेच असत्यात." तेव्हा मला हे नीट कळलं नव्हतं.

नववीत एकदा कवायतीच्या रांगेत मागून येऊन बाईंनी माझी कॉलर दोन बोटांनी वर केली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "उद्या आंघोळ करून ये." मी आंघोळ करूनच गेले होते. घरी येऊन रडत सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर शाळेत आली आणि बाईंसमोर उभी राहून म्हणाली, "माझी पोरगी रोज आंघोळ करती. तिला परत असं बोलायचं न्हाई." मला इतका अभिमान वाटला होता! पण त्याच संध्याकाळी तिनं मला मोरीत बसवलं आणि मान इतकी घासली, की कातडी सोलवटली. तिचा माझ्यावर विश्वास होता की बाईंवर, हे मला आजही सांगता येणार नाही.

पुढे डिप्लोमा झाला आणि चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात लागले. युनिफॉर्मच्या कॉलरमध्ये मान झाकायची, वरून स्कार्फ असायचाच. दिवसभर टेबलाशी बसून पार्ट मापात आहेत का ते तपासायचं. बसूनबसून पोट सुटलं, हातपाय मात्र होते तसेच बारीक. जेवले की डोळे मिटायला लागायचे आणि दोन तासांत पुन्हा कडकडून भूक. पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी तीन. आई म्हणायची, शिफ्टमुळं होतं. बरोबरच्या मुलीही तेच म्हणायच्या. कंपनीच्या वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी कागद वरखाली बघितला. "शुगर नॉर्मल. वजनाकडे जरा लक्ष द्या. पुढचे." माझ्या कागदावर 'फिट' असा शिक्का बसला.

तिसावं लागल्यावर मी केस कापायचं ठरवलं. पार्लरवाल्या ताईंनी केस पिनांनी वर घेतले आणि त्यांचा हात थांबला. मी सवयीनं म्हणाले, "घासते हो मी रोज, पण जात नाही."

"ताई, हा मळ नाहीये," त्या म्हणाल्या. "अशी मान घेऊन किती मुली येतात माझ्याकडे. ब्लीचनं जात नाही, कशानंच जात नाही. तुम्ही डॉक्टरला दाखवा."

एवढ्या वर्षांत कुणीच असं म्हटलं नव्हतं. घरी येऊन आईला सांगितलं, तर तिला वाटलं, त्या बाईला मेहनत घ्यायची नसेल. तरीही डॉक्टरकडे मात्र ती माझ्याबरोबर आली. वाकडला एका उंच इमारतीत त्वचेच्या डॉक्टर बसायच्या. डॉक्टर मॅडमनी मान बघितली, कापसावर स्पिरिट घेतलं आणि पट्ट्यावरून जोरात दोनदा फिरवलं. मग तो कापूस आईसमोर धरला.

"मावशी, बघा. मळ असता तर यावर आला असता."

कापूस पांढराच होता. आईनं तो हातात घेतला, उलटा करून बघितला. "मग काय हाय ह्ये?"

मॅडमनी तिला उत्तर द्यायच्या आधी मलाच प्रश्न विचारले. पाळी वेळेवर येते का? हनुवटीवर केस येतात का? जेवल्यावर झोप येते का? मी मान दाखवायला आले होते आणि या बाई पाळीचं विचारत होत्या. मला वाटलं, चुकीच्या खोलीत तर शिरलो नाही ना? मग त्यांनी टेप घेऊन माझी कंबर मोजली आणि विचारलं, "घरात शुगर कुणाला आहे?"

"कुणाला न्हाई," आई ठामपणे म्हणाली.

"तुमची तपासलीय कधी?"

"मला काय धाड भरलीय?"

मॅडम हसल्या. "पदर जरा बाजूला घ्या बघू."

आईचा पदर कायम दोन्ही खांद्यांवरून असायचा, घरातसुद्धा. तिनं माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, आणि पदर खाली घेतला. तिच्या मानेवर माझ्यापेक्षा रुंद, माझ्यापेक्षा काळा पट्टा होता. कडेला मोहरीएवढे चामखीळ होते. एका घरात तीस वर्षं राहून मी तो कधीच पाहिला नव्हता, की पाहून विसरले होते? आजही सांगता येत नाही.

दोघींचं रक्त उपाशीपोटी तपासायला दिलं. रिपोर्ट घेऊन मॅडमनी आम्हाला त्याच इमारतीतल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. माझी साखर पुन्हा नॉर्मल होती. त्याच्या खालच्या ओळीत इन्सुलिन होतं आणि त्यापुढे वर जाणारा बाण. आईची साखर मात्र चांगलीच वाढलेली होती.

मी डॉक्टरांना विचारलं, "म्हणजे मला डायबिटीस आहे का?"

"नाही."

"मग मी ठीक आहे?"

"तसंही नाही." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "इन्सुलिन रक्तातली साखर पेशींमध्ये पोचवतं. तुमच्या पेशी त्याला हवी तशी दाद देत नाहीत. म्हणून शरीर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त इन्सुलिन तयार करतं. तेवढं करून साखर जागेवर राहते, म्हणून रिपोर्ट नॉर्मल दिसतो. पण त्या जादा इन्सुलिननं मानेची त्वचा जाड आणि काळी होते, पाळी बिघडते, पोटावर चरबी साठते. हे असंच वर्षानुवर्षं चाललं आणि शरीर इन्सुलिन पुरवायला कमी पडू लागलं, की साखर वाढते." त्यांनी आईचा रिपोर्ट माझ्या रिपोर्टाशेजारी ठेवला.

मी मान डोलावली, पण कळलं असं म्हणता येणार नाही. जास्त आहे म्हणून कमी पडतंय, नॉर्मल आहे म्हणून बिघडलंय. आमच्याकडे पार्ट मापात असला की पास, नसला की रिजेक्ट. मापात असलेला पार्ट बाजूला काढायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

परतीच्या रिक्षात आई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "माझ्या आईनं माझी विटकरीनं घासली व्हती. लगीन ठरायच्या आधी."

"मग मला का सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? मला वाटलं, माझं ऱ्हायलं, तुझं तरी निघंल."

मला राग यायला हवा होता. आला की नाही, ते कळलंच नाही. तिचा हात घट्ट धरावासा वाटत होता आणि त्याच वेळी तिच्यापासून लांब सरकून बसावंसंही वाटत होतं. मी दोन्ही केलं नाही.

औषधाच्या दुकानात वेगळाच घोळ झाला. चिठ्ठ्या दोन होत्या आणि दोन्हींवर गोळी एकच. दुकानदार म्हणाले, "शुगरची गोळी आहे ही. शुगर कुणाला आहे?" मी आईकडे बोट केलं. "आणि ही दुसरी चिठ्ठी?" मी म्हणाले, "ती माझी, मला शुगर नाही." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि डॉक्टरांना फोन लावून खात्री करून घेतली. ही गोळी पेशींना इन्सुलिनचं ऐकायला लावते, म्हणून साखर नॉर्मल असली तरी देतात, असं डॉक्टर म्हणाले.

कंपनीच्या बसमध्ये कळल्यावर जो तो सल्ले देऊ लागला. एक म्हणाली, भात कायमचा सोड. दुसरी म्हणाली, मेथीचं पाणी पी, गोळीची सवय लागते. तिसरीचं म्हणणं, साखर नसताना शुगरची गोळी घेतली की साखर होते. पहिले पंधरा दिवस माझं पोट बिघडलं तेव्हा मला तिसरीचं खरं वाटायला लागलं. डॉक्टरांनी गोळी जेवणाबरोबर घ्यायला सांगितली, मग निभावलं. कॅन्टीनमध्ये मी भाताची मूद अर्धी केली, उसळ दुप्पट घेऊ लागले, सुट्टीत टेबल सोडून शेडभोवती फिरू लागले. आई आणि मी संध्याकाळी मैदानावर चालायला लागलो.

पाचव्या महिन्यात पाळी वेळेवर आली. सहाव्यातही आली. कंबर दोन इंच कमी भरली. मानेवरचा पट्टा थोडा मऊ पडला, फिका झाला, पण गेला नाही. डॉक्टर म्हणाले, वेळ लागतो, कदाचित पूर्ण जाणारही नाही. आईची साखर आटोक्यात आली आणि त्याच आठवड्यात तिनं गोळी बंद केली. "नॉर्मल आलं की आता. बऱ्या माणसानं गोळी का खायाची?" गोळीमुळंच नॉर्मल आलंय, हे मी तिला चार वेळा समजावलं. तिला पटेना. नॉर्मल या शब्दावर माझा स्वतःचाच भरवसा उरला नव्हता, तिला काय पटवणार? शेवटी डॉक्टरांनी तिला दम भरला, तेव्हा पुन्हा सुरू केली.

परवा मैदानावर तिसऱ्या फेरीला तिनं अचानक विचारलं, "त्या पेशी ऐकत न्हाईत म्हंतात, ते का ऐकत न्हाईत?"

मी डॉक्टरांना हेच विचारलं होतं. ते म्हणाले होते, थोडं घराण्यातून आलेलं असतं, थोडं वजनामुळे, थोडं बसून काम करण्यामुळे, अपुऱ्या झोपेमुळे. कुणाच्या बाबतीत नेमकं कशानं, ते सांगता येत नाही. आईला तसंच सांगितलं.

"म्हंजे माझ्याकडनंच आलं तुला."

"सगळं नाही, आई."

"किती?"

तिनं पदर खोचला आणि चालण्याचा वेग वाढवला. तिला गाठायला मला जवळजवळ पळावं लागलं.