मधलं बोलणं
तंबाखूचा उग्र वास आला की मला निपाणीहून आलेली ती बाई आठवते. ऐंशीच्या दशकात बेळगावात माझं छोटं दुकान होतं. जुन्या रिळांवरची गाणी मी कॅसेटवर उतरवून द्यायचो. ती वखारीत तंबाखू निवडायची, लुगड्याला तोच वास होता. पिशवीतून रीळ काढत म्हणाली, "आमच्या मालकांची गाणी हाईत. जलशात गायचे. जाऊन सा वर्सं झाली. पोरानं आता कॅसेटचा टेप घेतलाय." फीत इतकी जीर्ण होती, की एकदाच वाजेल असं मी तिला बजावलं. ती बाहेर बाकावर बसली. वाजता वाजता फितीवरचा थर झडून तपकिरी भुकटी खाली पडत होती. आवाज खडा होता, पण दोन गाण्यांच्या मधे गाणारा खोकायचा, कुणाशी तरी बोलायचा. कॅसेट स्वच्छ व्हावी म्हणून तेवढ्यापुरतं मी रेकॉर्डिंग थांबवत गेलो. तयार कॅसेट तिनं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाली, "अण्णा, मधी त्येंनी मला हाक मारून पाणी मागितलंतं, ते कुठं गेलं?" मी खरं ते सांगितलं. "गाणी समद्या गल्लीला पाठ हाईत. मला त्येवढंच ऐकायचं व्हतं," म्हणाली आणि कॅसेट पदरात गुंडाळून निघून गेली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती हाक ऐकणारा मी शेवटचा माणूस, आणि त्यानं तिला कोणत्या नावानं हाक मारली, ते मी नीट ऐकलंसुद्धा नव्हतं.