मामांच्या खोट्या मरणाचं कार्ड

वलगावच्या मळ्यात वांगी तोडताना मामांच्या डोक्याला कावळा शिवला. कावळा शिवलेला माणूस टिकत नाही म्हणतात. त्यावर उतारा एकच. तो मेल्याची खोटी बातमी कार्डानं सोयऱ्यांना कळवायची. कोणी खरंखुरं रडलं की त्याचं आयुष्य वाढतं. पाठोपाठ दुसरं कार्ड टाकून खुलासा करायचा.

मामा ऐंशीच्या पुढचे. नऊ भावंडांतली दोनच उरली होती, ते आणि दर्यापूरची मावशी. म्हणजे रडणारं माणूस एकच. लिहिणाराही एकच, तो मी. अमरावतीत शिकत होतो, मॅट्रिकला दोनदा आपटलो होतो, सुट्टीत मामांकडे आलो होतो. माणसानं दीडदोनशे वर्षं सहज जगावं असं माझं ठाम मत होतं. मॅट्रिकसाठी मला तरी तेवढी लागणारच होती.

मरणाचं कार्ड कोपरा फाडून जातं, तसा फाडला. मग कार्डावर छापलेल्या बादशहाच्या मुंडीखाली मामांना असं काही मारलं की मीच ते दोनदा वाचून काढलं. आपण काय लिहिलंय, या कौतुकात दुसरं कार्ड खिशातच राहिलं.

चौथ्या दिवशी मावशी गळा काढतच बैलगाडीतून उतरली. मामा ओसरीवर भाकर खात होते.

"काहून वं, कोन मेलं?"

"तू!" म्हणून मावशी होती तिथंच बसली. मग माझ्याकडे वळली. "अन् हा मुडदा लिहिते कसा, 'मामांनी माझ्या मांडीवर प्राण सोडला'! कुठी हाये थे मांडी?"

मी मांडी घालून होतो, ती आवरली. मामा मात्र हसले नाहीत.

"लय रडली काय वं?"

"दर्यापूरपासून अठीलोक."

"मंग वाढलं मायं आयुष्य. पन तुयं? तू आंधी गेली त मी जगून काय करू? भांडू कोनाशी?"

दीडदोनशे वर्षं वाटून टाकताना हे मला सुचलंच नव्हतं.

"भाच्या," मामा म्हणाले, "इच्याबी मरनाचं कार्ड लिह."

"पाठवू कोणाला, मामा? रडणारं कोण आहे?"

"मले पाठव. मी रडतो."

लिहिलं. टपालात टाकायलाही त्यांनी सवड दिली नाही, तिथंच वाचायला लावलं. या खेपेला मी एकच ओळ लिहिली होती, मावशी काल वारल्या. मावशी समोरच शेंगा सोलत बसलेली. तरी मामा खरंच रडायला लागले.

मावशीनं शेंगा बाजूला सारल्या. "अरे दादा, मी अठीच आहो ना," ती म्हणत राहिली, पण त्यांचं रडणं काही थांबेना.