व्हिएन्नाची गाडी उतारावर थांबते

त्या वहीतलं व्हिएन्ना मला अजूनही मधूनच दिसतं. मी तिथे कधी गेलेलो नाही, आणि वही लिहिणाराही तेव्हा गेला नव्हता. गंमत बघा, त्याच वहीवरून मी त्याला हेर ठरवलं होतं.

कर्जत भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एके सकाळी दहिवलीच्या झेरॉक्सवाल्याचा फोन आला. एक म्हातारा कागद ठेवून गेलाय, त्यात पुलाचा नकाशा आहे, पहारेकऱ्यांच्या वेळा आहेत, परदेशी नावं आहेत आणि 'तिसऱ्या खांबाखाली पाकीट ठेव' असं लिहिलंय. दुपारपर्यंत आम्ही माणूस आणि त्याच्या अकरा वह्या ठाण्यात आणल्या.

रेल्वेतून निवृत्त झालेला सांधेवाला. घाटात ठाकुरवाडीला रूळ बदलण्यात त्याची सारी नोकरी गेली. बायको वारलेली. एकुलती मुलगी व्हिएन्नात नर्स, आणि तिला सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिला येता येत नव्हतं, म्हणून माहेरच तिकडे निघालं होतं. त्याच्या पासपोर्टच्या चौकशीचा अर्ज माझ्याच टेबलावर होता. आता त्या अर्जातही मला काळंबेरं दिसू लागलं.

मी खाक्या दाखवला. हे कोणाला पाठवायचं होतं, हा एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. तो एकच उत्तर देत राहिला, पोरीला. तिला लहानपणापासून त्याच्या हेरांच्या गोष्टी लागतात, मोबाइलवर वाचायला आवडत नाही, म्हणून प्रती काढून टपालाने धाडतो. खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडी भर घालतो. याने काहीच घातली नाही, आणि मला उगाच त्याचाच राग आला.

शेवटी वह्या घेऊन खिडकीपाशी बसलो. थंडीचे दिवस होते, टेबलावर कोवळं ऊन होतं. वाचता वाचता वायरलेसची खरखर कधी ऐकू येईनाशी झाली ते कळलंच नाही. लिस्बनमध्ये धुकं दरीतून वर येऊन गाडीच्या डब्यात शिरत होतं. इस्तंबूलच्या स्टेशनाबाहेर बाया पानांच्या द्रोणात करवंदं विकत होत्या. शहर कोणतंही असो, गाडी तिथे पोचण्याआधी उतारावर, फलाट नसलेल्या जागी, मिनिटभर उभी राही आणि तेवढ्यात हेर खाली उडी मारी.

मी त्याला विचारलं, "व्हिएन्नाची गाडी मध्येच का थांबते?"

त्याला माझी कीव आली असावी. "उतार हाय ना, साहेब. आदी उभी करायची, बिरेक बघायचा, मग सांधा जोडून खाली सोडायची. तशीच सोडली तर मानसं मरतील. जगात कुटंबी असंच असनार."

पुण्याहून येणारी गाडी ठाकुरवाडीला तशी उभी राहते, हे कर्जतचं शेंबडं पोरही सांगेल. मला हसू आलं, आणि मग उलगडा झाला. या माणसाने जग पाहिलंच नव्हतं. त्या एका मिनिटात खिडक्यांतले चेहरे बघायचे, हा कुठे निघाला असेल, ती कोणाला भेटेल, असं मनात जुळवत त्याने सगळी शहरं घाटातच वसवली होती. आम्ही साप साप म्हणून भुई धोपटत होतो.

त्याच संध्याकाळी 'हरकत नाही' लिहून सही करता आली असती. मी केली नाही. उद्या काही निघालं तर माझी मान अडकेल, म्हणून वह्या तपासणीसाठी वर पाठवल्या आणि अर्ज रोखून धरला. वह्या परत आल्या तोवर तिकडे मुलगी बाळंत झाली होती.

वह्या न्यायला तो आला, तेव्हा मी खुर्चीवरून उठून माफी मागितली. नात झाल्याचं त्याने सांगितलं आणि पोचपावतीवर सावकाश सही केली. मग वह्या पिशवीत भरता भरता म्हणाला, "पोरगी एकटीच होती, साहेब. कळा सुरू झाल्या तसा तिनं फोन लावून ठेवला. मी हिकडून गोष्ट सांगत बसलो. दुसरं काय करनार?"

शंका घेणं हे पोलिसाचं कामच आहे, त्याची मला लाज वाटत नाही. पण शंका फिटल्यावरही, निव्वळ माझ्या भीतीपायी, मी एका बापाला अडवून ठेवलं. अशा अडवण्याला कुठलंही कलम लागत नाही, म्हणून मी निष्कलंक निवृत्त झालो.